वाचकांचे प्रश्न : समुद्रातला प्रवाळ पांढरा का पडतो?

गेल्या महिन्यात या सदरात मालवणच्या समुद्रातील प्रवाळांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर एवढी पत्रे येतील असे वाटले नव्हते. काही पत्रांत कुतूहल आहे, काहींत हळहळ आहे आणि दोन-तीन पत्रांत स्पष्ट राग आहे. या वेळचे संपूर्ण सदर म्हणूनच या एका विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. ‘समुद्र वाचवा’ या विषयावरील चित्रस्पर्धेत प्रवाळ काढायला सांगितल्यावर बहुतेक मुलांनी पाण्याखाली फुलझाडे काढली, एकाने नुसता दगड रंगवला आणि एका मुलीने आजीच्या अंगठीतले पोवळे काढले. बक्षीस कोणाला द्यावे, असा प्रश्न पडला आहे.

उत्तर : बाई, तिन्ही चित्रे थोडी बरोबर आणि थोडी चूक आहेत, आणि त्यांतूनच धडा सुरू करता येईल. प्रवाळ हा प्राणी आहे आणि जेलीफिश व समुद्रफूल हे त्याचे जवळचे नातेवाईक आहेत. एकेक जीव, ज्याला पॉलिप म्हणतात, तो अनेकदा नाचणीच्या दाण्यापेक्षा फार मोठा नसतो. त्याला पिशवीसारखे पोट, वर तोंड आणि तोंडाभोवती बारीक स्पर्शकांची झालर असते. हा जीव समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःखाली कठीण वाटी बांधतो, विभागून आपल्यासारखेच दुसरे जीव तयार करतो, आणि असे हजारो जीव एकमेकांना चिकटून जी वसाहत तयार होते तिला आपण एक ‘प्रवाळ’ समजतो. ज्याने दगड काढला त्याने त्या वसाहतीचे घर काढले, एवढेच.

फुलझाड काढणाऱ्यांचेही सर्वस्वी चुकलेले नाही, कारण भित्ती, म्हणजे पाण्याखालचे चुन्याचे मोठे बांध, रचणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर साखर तयार करते आणि तिच्यातला मोठा वाटा यजमानाला देते. काही प्रवाळांची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज या भाडेकरूकडून भागते. त्या बदल्यात शैवालाला निवारा आणि प्रवाळाच्या शरीरातून बाहेर पडणारी नत्रयुक्त द्रव्ये मिळतात. उष्ण कटिबंधातील स्वच्छ निळ्या पाण्यात पोषकद्रव्ये फारच कमी असतात. तरीही तिथे एवढी गजबज कशी, याचे उत्तर या भागीदारीत आहे. समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग प्रवाळभित्तींनी व्यापलेला नाही, पण सागरी जीवांच्या सुमारे पंचवीस टक्के जाती आयुष्यात कधी ना कधी या भित्तींचा आधार घेतात.

आजीच्या अंगठीतले पोवळे मात्र वेगळ्या घराण्यातले. ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रातील लाल प्रवाळापासून घडवतात आणि इटलीतील तोर्रे देल ग्रेको हे गाव त्याच्या कारागिरीसाठी पिढ्यानुपिढ्या प्रसिद्ध आहे. हा प्रवाळ अंधुक उजेडात कडेकपारींना वाढतो, त्याच्यात शैवाल नसते आणि तो भित्तीही बांधत नाही. आपल्याकडे दोघांनाही एकच शब्द असल्यामुळे प्रवाळ म्हणजे मंगळाचे रत्न एवढीच ओळख घराघरांत राहिली, आणि ते रत्न एका जिवंत प्राण्याचा सांगाडा आहे हे सांगायचे राहून गेले. बक्षीस त्या मुलीला द्यावे, असे माझे मत आहे. निदान तिने स्वतः पाहिलेली वस्तू काढली.

वर्गात एक प्रयोग जरूर करा. शिंपल्याचा तुकडा लिंबाच्या रसात टाकला की बुडबुडे येतात, कारण शिंपला आणि प्रवाळाचा सांगाडा दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळून पाण्याचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) औद्योगिक काळापूर्वीच्या सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण हे मोजमाप लॉगरिदमवर चालत असल्याने हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात तो तीस टक्क्यांच्या आसपास वाढ दाखवतो. अर्थात समुद्राचा लिंबूरस झालेला नाही, हे मुलांना लगेच सांगावे. प्रवाळ आज त्यात विरघळून जात नाही, त्याला घर बांधायला मात्र पूर्वीपेक्षा जास्त कष्ट पडतात.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून मालवणला जाऊन स्नॉर्कलिंग केले. जाहिरातीत रंगीबेरंगी प्रवाळ होते, पाण्यात मात्र तपकिरी-करडे गोळे दिसले. ते मेलेले होते का? मार्गदर्शक म्हणाला, “इथं असंच असतं.”

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकाने खरे सांगितले. जाहिरातीतील छायाचित्र बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी समुद्रातले असणार. निरोगी प्रवाळ पुष्कळदा तपकिरी, शेवाळी किंवा मळकट पिवळाच दिसतो, कारण तो रंग आतल्या शैवालाचा असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र अंदमानसारखा नितळ नाही. पावसाळ्यात खाड्यांतून येणारा गाळ, पाण्याच्या खारटपणात होणारे मोठे चढउतार आणि भरती-ओहोटीचा मारा सहन करून जे प्रवाळ टिकतात, ते बहुतेक गोलसर, ठेंगणे आणि सावकाश वाढणारे असतात. असा प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते फार तर एक-दोन सेंटिमीटर वाढतो. तुम्ही पाहिलेला हंड्याएवढा गोळा कदाचित तुमच्यापेक्षा वयाने मोठा असेल.

काळजीचा रंग पांढरा असतो. समुद्राचे तापमान तिथल्या नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा अवघा एक अंश सेल्सिअस वर जाऊन चार-सहा आठवडे तसेच राहिले, की आतले शैवाल विषारी रसायने तयार करू लागते आणि प्रवाळ त्याला बाहेर टाकतो. मग पारदर्शक मांसातून खालचा चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन किंवा ब्लीचिंग म्हणतात. काही प्रवाळ या अवस्थेत अकस्मात चकाकत्या निळ्या, जांभळ्या किंवा गुलाबी छटा दाखवतात आणि पर्यटक आनंदाने त्यांची छायाचित्रे घेतात. प्रत्यक्षात तो प्राणी त्या वेळी उपाशी असतो.

पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, हे मला ठळकपणे सांगायचे आहे. पाणी वेळेत थंड झाले तर शैवाल परत येते आणि प्रवाळ सावरतो, जरी पुढे एक-दोन वर्षे त्याची वाढ आणि प्रजनन मंद राहते. उष्णता टिकली तर तो उपासमारीने मरतो, मग काही दिवसांत त्यावर हिरवट-करडी लव चढते आणि सांगाडा झिजू लागतो. मालवणच्या समुद्रातही विरंजनाच्या नोंदी संशोधकांनी केल्या आहेत. तेव्हा पुढच्या खेपेला शुभ्र पांढरा गोळा दिसला, तर तारीख, जागा आणि छायाचित्र यांची नोंद ठेवा.

प्रश्न : प्रवाळ कोट्यवधी वर्षांपासून आहेत, त्यांनी कितीतरी उष्ण युगे पाहिली असतील. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर प्रवाळ विक्रमी वाढल्याचे मी २०२२ मध्ये वाचले होते. मग ही सगळी ओरड कशासाठी? (नाशिक)

उत्तर : आपण वाचलेली बातमी खरी होती. ती खोटी ठरवायचा प्रयत्न करणाऱ्या प्रचारकांनी या विषयाचे नुकसानच केले. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स ही संस्था या भित्तीची १९८० च्या दशकापासून पाहणी करते. २०२२ मध्ये भित्तीच्या उत्तर व मध्य भागांत कठीण प्रवाळांचे आच्छादन त्या ३६ वर्षांतील सर्वाधिक भरले होते. परंतु ही वाढ बहुतांशी ॲक्रोपोरा या फांद्यांच्या, झपाट्याने वाढणाऱ्या प्रवाळांची होती, आणि उष्णता, वादळे व प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा या तिन्हींना सर्वांत आधी बळी पडतात ते हेच. जंगल तोडल्यावर माळरानावर सुबाभूळ फोफावली तर उपग्रहाला हिरवळ दिसते, तसा काहीसा हा प्रकार. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे पुन्हा मोठे विरंजन झाले आणि २०२५ च्या पाहणीत उत्तर व दक्षिण भागांत पाहणी सुरू झाल्यापासूनची सर्वांत मोठी वार्षिक घट नोंदली गेली.

खरा मुद्दा दोन आघातांमधल्या अंतराचा आहे. या भित्तीवर २०२४ पर्यंत मोठ्या प्रमाणावरील विरंजन १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये झाले. या वर्षांमधली अंतरे वजा करून पाहा. भित्तीला जुने रूप परत मिळायला अनुकूल परिस्थितीतही दहा-पंधरा वर्षे लागतात. आजारातून उठलेल्या माणसाला अंगात ताकद येण्याआधीच पुन्हा ताप यावा, अशी तिची अवस्था आहे. पूर्वी अशी वर्षे प्रामुख्याने एल निनोबरोबर येत असत, आता एल निनो नसतानाही येतात. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रानेच पोटात घेतला असल्यामुळे त्यात नवल नाही.

जगभरातील प्रवाळांवर एकाच वेळी आलेली अशी संकटे आजवर चार मानली जातात : १९९८, २०१०, २०१४ ते २०१७, आणि जानेवारी २०२३ पासून सुरू झालेले चौथे. या चौथ्या संकटात एप्रिल २०२५ पर्यंत जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन होईल एवढी उष्णता सोसावी लागली होती. प्रवाळभित्तींची पाहणी करणाऱ्या संशोधकांच्या जागतिक जाळ्याच्या अहवालानुसार २००९ ते २०१८ या काळात जगातील सुमारे १४ टक्के प्रवाळ नाहीसे झाले. तापमानवाढ दीड अंशावर थांबली तरी ७० ते ९० टक्के प्रवाळभित्ती जातील आणि दोन अंशांवर ९९ टक्क्यांहून अधिक, असे हवामानविषयक आंतरशासकीय मंडळाने २०१८ मध्ये नमूद केले आहे.

कोट्यवधी वर्षांच्या दाखल्याबद्दल एवढेच म्हणेन की, प्रवाळांचा वंश महासंहारांतूनही वाचला, हे खरे आहे. पण त्या प्रत्येक संहारानंतर समुद्रात भित्ती म्हणाव्यात अशा रचना पुन्हा उभ्या राहायला लक्षावधी वर्षे गेली. भूवैज्ञानिकाला तेवढी वाट पाहता येते, किनाऱ्यावर घर असलेल्याला येत नाही.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त काही वर्षे लक्षद्वीपमध्ये होतो. आता निवृत्त होऊन ठाण्यात राहतो. प्रवाळ गेले तर ती बेटेच नाहीशी होतील, असे ऐकतो. यात तथ्य किती?

उत्तर : आपण तिथे राहून आलेले असल्यामुळे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असेल : बाहेर लाटा फुटणारी भित्तीची कड, आत उथळ, फिकट निळे लगून आणि एका बाजूला जमिनीची चिंचोळी पट्टी. बुडालेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर प्रवाळांनी रचलेले हे कंकण आहे. लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी दहांवर वस्ती आहे आणि सगळी जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर भरते. ती पाण्यापासून बहुतेक ठिकाणी एक-दोन मीटरच उंच आहे. शिवाय ही जमीन खडकाची नाही, प्रवाळांच्या आणि शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची आहे. पोपटमासा प्रवाळावरचे शैवाल खरवडताना दगडही चावतो आणि वाळू बाहेर टाकतो. पायाखालची पांढरी वाळू काही प्रमाणात त्याच्या पोटातून आलेली असते.

भित्ती जिवंत असेल तर ती झिजत असतानाच वाढतही राहते आणि वादळी लाटांची ताकद बाहेरच मोडते. प्रवाळभित्तीवर आदळणाऱ्या लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा तिथेच खर्ची पडते, असे जगभरातील मोजमापे एकत्र करून दाखवले गेले आहे. भित्ती मेली की झीज चालू राहते, बांधणी थांबते. लक्षद्वीपमध्ये २०२२ पर्यंत १९९८, २०१० आणि २०१६ अशी तीन मोठी विरंजने झाली. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी चोवीस वर्षे केलेल्या पाहणीत प्रवाळांचे आच्छादन १९९८ मधील ३७ टक्क्यांवरून २०२२ मध्ये १९.६ टक्क्यांवर आलेले आढळले, म्हणजे जवळपास निम्मे. त्यातला अधिक अस्वस्थ करणारा भाग असा की, पुढच्या विरंजनांत मृत्यूचे प्रमाण थोडे कमी होत गेले, कारण नाजूक जाती आधीच गेल्या होत्या. सावरण्याचा वेग मात्र मंदावला.

बेट नाहीसे होण्याचा दाखला तिथेच आहे. बंगारामच्या कंकणातील परळी नावाच्या बेटांपैकी एक, वस्ती नसलेले, १९६८ मध्ये नकाशावर होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते पूर्णपणे झिजून गेल्याचे आढळले. याला एकट्या प्रवाळांचा ऱ्हास कारणीभूत आहे, असे मी म्हणणार नाही. किनाऱ्याची झीज अनेक कारणांनी होते. पण वस्तीच्या बेटांबाबत मला बुडण्यापेक्षा आधी येणारी संकटे अधिक खरी वाटतात. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर लाटा आत आल्या की मचूळ होतो, आणि विहिरी निकामी झालेले बेट बुडण्याच्या कितीतरी आधी राहण्याजोगे उरत नाही. तिथले मच्छीमार टूना, म्हणजे आपल्याकडचा कुपा, गळाच्या काठीने पकडतात आणि त्यासाठी लागणारी जिवंत आमिषमासळी लगूनमधून आणि भित्तीच्या कुशीतून धरतात. जगातील सर्वांत सौम्य मासेमारीपैकी ही एक आहे. तिचा पायाही प्रवाळच.

मन्नारच्या आखाताचे उदाहरण तर माणसाच्या हाताचे आहे. तिथल्या २१ बेटांच्या भोवतीचे प्रवाळ चुन्यासाठी आणि बांधकामासाठी वर्षानुवर्षे खणून नेले गेले आणि त्यांपैकी दोन बेटे पाण्याखाली गेली.

प्रश्न : सनस्क्रीन लावून समुद्रात उतरल्याने प्रवाळ मरतात का?

उत्तर : ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायने प्रयोगशाळेत प्रवाळांच्या अर्भकांना घातक ठरली, म्हणून हवाईने २०२१ पासून ती असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घाला, प्रश्नच मिटतो. मात्र तापमानवाढीच्या तुलनेत हा प्रश्न अगदी लहान आहे, आणि वर्तमानपत्रांत त्याला मिळालेली जागा पाहून मला नेहमी आश्चर्य वाटते.

प्रश्न : मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी प्रवाळ उचलून दुसरीकडे नेऊन लावले आणि ते जगले, असे वाचले. हे शक्य असेल तर काळजीचे कारण काय? (दादर)

उत्तर : प्रथम एक कबुली. हाजी अलीच्या खडकांवर मोठ्या ओहोटीला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ज्या ‘दगडा’वर पाय देऊन उभा होतो, तो प्रवाळ असल्याचे बरोबरच्या तरुणीने मला सांगितले. समुद्रावर इतकी वर्षे लिहून झाल्यावर मला हे कळले, आणि तेही गिरण्यांच्या शहराच्या गढूळ पाण्यात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने २०१७ पासून किनाऱ्यावरील फेरफटक्यांतून ही ओळख असंख्य मुंबईकरांना करून दिली. किनारी रस्त्याच्या कामात प्रवाळांचा प्रश्न चर्चेला तरी आला, त्यात या ओळखीचा वाटा आहे, असे मला वाटते.

आता आपल्या प्रश्नाकडे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली वरळी आणि हाजी अली येथील १८ वसाहती हलवण्यात आल्या आणि त्यांतील बहुतेक जगल्या. काम काळजीपूर्वक झाले, यात शंका नाही. पण १८ हा आकडा लक्षात ठेवावा. मुठीएवढ्या, सोशिक, गाळाला सरावलेल्या वसाहती छिन्नीने सोडवून जवळच्याच तशाच पाण्यात बसवणे वेगळे, आणि अख्खी भित्ती तिच्या मासे, खेकडे, स्पंज यांच्यासह हलवणे वेगळे. वडाची फांदी लावता येते म्हणून देवराई हलवता येत नाही. शिवाय जिथे हलवायचे ते पाणीही तापतच आहे. कच्छच्या आखातात, मन्नारमध्ये आणि परदेशांत प्रवाळांचे तुकडे चौकटींवर वाढवून पुन्हा लावण्याचे प्रयोग चालू आहेत आणि ते चालू राहावेत. ते शुश्रूषेचे काम आहे, रोगावरचा इलाज नव्हे.

प्रश्न : मी मालवणचा. माझी स्वतःची होडी आहे, हंगामात पर्यटकांना पाण्याखाली नेतो, एरवी मासेमारी करतो. शहरातून येणारे लोक आम्हालाच शिकवतात की तुम्ही प्रवाळ मारता. आम्ही याच पाण्यावर जगतो. आम्ही काय करायचे ते तरी सांगा.

उत्तर : दादा, तुमचा राग मला योग्य वाटतो. समुद्र तापवण्यात तुमच्या होडीचा वाटा नगण्य आहे. ज्या शहरांतून लोक तुम्हाला शिकवायला येतात, त्यांच्या विजेचा, गाड्यांचा आणि विमानांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा आहे, आणि हे सदर लिहिणाराही त्याच शहरांतला आहे. १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, २९.१२ चौरस किलोमीटरचे. त्यात किल्ल्याभोवतीचा आणि पद्मगडाजवळचा ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र ठरला. तेव्हापासून आपले मासेमारीचे पाणी जाईल ही भीती स्थानिकांच्या मनात बसली आणि प्रवाळ हा शब्दच सरकारी वाटू लागला. लोकांच्या पाण्याविषयी बोलताना लोकांना शेवटी सांगायचे, या पद्धतीने कुठलेही प्रबोधन आजवर यशस्वी झालेले मी पाहिलेले नाही.

तरीही काही गोष्टी तुमच्याच हातात आहेत, आणि त्यांचा परिणाम उष्णतेपेक्षा लवकर दिसतो. सर्वांत मोठी म्हणजे नांगर. भरतीच्या ओढीने नांगर आणि त्याची साखळी तळावर फरफटत जाते आणि पन्नास वर्षांचा गोळा एका सकाळी उलथतो. ठरलेल्या जागी तळाशी कायमचे वजन बसवून त्याला तरंगता बोया बांधला आणि सगळ्या होड्या त्यालाच बांधल्या, तर नांगर टाकावाच लागत नाही. हे एकट्याने होण्यासारखे नाही. होडीवाल्यांच्या संस्थेने एकत्र मागणी करावी आणि जागा तुम्हीच ठरवाव्यात, कारण तळाची माहिती तुमच्याएवढी कोणाला नाही.

दुसरी गोष्ट पर्यटकांच्या पायांची. ज्याला पोहता येत नाही तो घाबरला की पहिल्यांदा पायाखाली आधार शोधतो, आणि तो आधार प्रवाळाचा असतो. पाण्यात उतरण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात वाळूवर पाच मिनिटे तरंगण्याचा सराव करून घेतला, तर हे पुष्कळ टळते आणि गिऱ्हाईकही निर्धास्त होते. तिसरी गोष्ट, माशांना पाव किंवा बिस्किटे घालू नका. छायाचित्र चांगले येते हे मला माहीत आहे. पण पावावर जमणारे मासे प्रवाळावर बाहेरून वाढणारे शैवाल (पेशींतले भाडेकरू नव्हे) खाणे सोडतात आणि शैवाल माजले की प्रवाळाच्या पिल्लांना बसायला जागा उरत नाही. तसेच खडकांत अडकून राहिलेले जुने जाळे दिसेल तेव्हा कापून वर आणावे. ते काम तुमच्यातले पाणबुडे शहरी स्वयंसेवकांपेक्षा कितीतरी सफाईने करतील.

आणि एक विनंती. कोणत्या साली पाणी जास्त तापले, कुठला गोळा कधी पांढरा पडला, कुठे पूर्वी मासा होता आणि आता नाही, हे तुम्हाला आठवणीने सांगता येते. शाळेची वही घ्या आणि तारखेनिशी लिहीत चला. संशोधक वर्षातून काही दिवस येतात, तुम्ही रोज असता.

प्रश्न : आमच्या दिवाणखान्यात वडिलांनी पूर्वी रामेश्वरहून आणलेला पांढरा शुभ्र फांद्यांचा प्रवाळ आहे. तो ठेवणे गुन्हा आहे का?

उत्तर : भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळा प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. ते गोळा करणे, विकणे, विकत घेणे हा गुन्हा आहे. तुमच्याकडील जुन्या वस्तूविषयी जिल्ह्याच्या वन कार्यालयाकडून लेखी सल्ला घ्या, आणि तोवर ती विकू किंवा भेट देऊ नका. किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडासुद्धा तिथेच राहू द्यावा.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थी प्रवाळांविषयी जनजागृतीचा कार्यक्रम करू इच्छितो. ‘आपले प्लास्टिक नदीतून समुद्रात जाऊन प्रवाळ मारते’ या विषयावर पथनाट्य करावे, असे ठरते आहे. समुद्रापासून इतक्या दूर राहून आणखी काय करता येईल?

उत्तर : पथनाट्य करण्याआधी नकाशा उघडा. पंचगंगेचे पाणी कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. तुमच्या गटारातील पिशवी मालवणला जात नाही. नदी स्वच्छ ठेवण्याची पुष्कळ कारणे आहेत, पण त्यासाठी चुकीचे कारण सांगू नका, कारण भूगोल जाणणारा एकच प्रेक्षक उभा राहिला की तुमचे बाकीचे सारे बोलणे संशयास्पद ठरते.

कोल्हापुरातून मालवणला पाणी जात नसले तरी माणसे जातात. दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात तारकर्लीच्या किनाऱ्यावर उभे राहिलात तर गाड्यांच्या पाट्यांवरूनच हे कळेल. तेव्हा तुमचा श्रोता ठरलेला आहे : सहलीला निघालेले कुटुंब. त्याला गाठायची जागा म्हणजे सहलींची नोंदणी करणारी दुकाने, गगनबावडा आणि फोंडा घाटांच्या वाटेवरची चहाची हॉटेले आणि तुमच्या महाविद्यालयाची स्वतःची सहल. मजकूर थोडाच हवा. तीन छायाचित्रे पुरेत : निरोगी तपकिरी प्रवाळ, विरंजित पांढरा प्रवाळ आणि लव चढलेला मृत प्रवाळ. तिन्ही शक्यतो आपल्याच किनाऱ्यावरची असावीत, ऑस्ट्रेलियातली नकोत. खाली तीन वाक्ये : उभे राहू नका, खायला घालू नका, बोया असलेल्या होडीचा आग्रह धरा. गिऱ्हाइकाने मागितले तर बोया लवकर बसेल, हे वरच्या पत्रातील होडीवाल्यांच्याही सोयीचे आहे.

दुसरा फलक उष्णतेचा करा आणि तो सौम्य करू नका. प्लास्टिकची पिशवी नाकारून प्रवाळ वाचतील, असे सांगणे सोपे आहे. ऐकणाऱ्यालाही ते बरे वाटते, पण ते खरे नाही. कोळसा, पेट्रोल आणि डिझेल जळणे कमी झाल्याशिवाय समुद्र तापायचा थांबणार नाही. महाविद्यालयाचे महिन्याचे वीजबिल, त्या विजेचा मोठा भाग कोळशातून येतो ही वस्तुस्थिती आणि छतावर सौर पॅनेल बसवण्याचा खर्च, एवढे तीन आकडे त्या फलकावर मांडा आणि कार्यक्रमाला प्राचार्यांबरोबर संस्थाचालकांनाही बोलवा.

जागा उरली तर आंग्रिया बँकेचा नकाशा लावा. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे हे बुडालेले पठार आहे. नद्यांच्या गाळापासून दूर, स्वच्छ पाण्यात तिथे प्रवाळ वाढतात. शिवरायांच्या आरमाराचा इतिहास पाठ असलेल्या कोल्हापूरकरांनाही हे नाव क्वचितच ठाऊक असते, असा माझा अनुभव आहे. फलकांचा कच्चा मजकूर तयार झाला की या सदराच्या पत्त्यावर पाठवा. छपाईला देण्यापूर्वी मी तो वाचून देईन.